पुरानं दिलेलं घर

आमचं घर आम्हाला पुरानं दिलं. हे वाक्य माझं नाही, आजीचं. कुणी पाहुणा "जागा छान मिळाली हो तुम्हाला" असं म्हणाला, की ती पानाला चुना लावता लावता म्हणायची, "पानशेतनं नेलं, पानशेतनंच दिलं." नारायण पेठेत नदीकडच्या एका वाड्यात दोन खोल्या होत्या, भाड्याच्या. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याचीही भिंत गेली आणि मुठेनं पेठांत शिरून वाडेच्या वाडे खाली बसवले. आजीच्या हाती लागली ती तीन मुलं, ओच्यात घातलेला देवघरातला बाळकृष्ण आणि एक पितळी डबा. डबा दागिन्यांचा समजून उचलला होता. निघाला साबुदाण्याचा.

पुढे पूरग्रस्तांना शहराच्या दक्षिणेला, पर्वतीच्या मागच्या अंगाला जागा मिळाल्या. सहकारी संस्था निघाल्या, म्हणून सहकारनगर. आमच्या सोसायटीच्या जुन्या कागदांवर 'पूरग्रस्त' हा शब्द टंकलेला आहे, आणि तो मला लहानपणी एखाद्या पदवीसारखा वाटायचा. एका पुरात भाडेकरूंचे घरमालक झाले. जागा निवडताना आजोबांची एकच अट होती, नदीपासून लांब. ती पाळली गेली. घराच्या मागं ओढा होता, पण ओढ्याला कोण विचारतो?

आंबिल ओढा. नाव आंबिलीचं आणि आमच्या लहानपणी पाणीही तसंच, पातळ, करडं, मंद. उन्हाळ्यात तर ओट्यावर सांडलेल्या आंबिलीइतकंच. त्यात ढोकरी उभी असायची, पलीकडे म्हशी बसायच्या. पावसाळ्यात चार दिवस ओढा खवळायचा, तेव्हा आम्ही गच्चीवरून बघायचो आणि पाचव्या दिवशी विसरायचो. त्याचा उगम कुठे, तो जातो कुठे, हे शाळेत कुणी शिकवलं नाही. गंगा-यमुनेचे उगम मात्र पाठ होते.

ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो. तिथे नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर दोन तळी बांधली. वरच्या तळ्यात गाळ बसायचा, खालच्यात निवळ पाणी यायचं आणि तिथून दगडी नळानं ते थेट पेठांतल्या हौदांत आणि शनिवारवाड्यात पोचायचं. नळाला जागोजागी हवेसाठी उसासे ठेवले होते. बंद नळातून चाललेल्या पाण्यालाही मधे मधे सुस्कारा टाकावा लागतो, हे त्या काळच्या पाथरवटांना ठाऊक होतं. आपण आता ओढेच्या ओढे पाइपात कोंबतो आणि वर पार्किंग करतो.

ओढ्याचा जुना मार्ग आजच्या भर पेठांतून होता. वाढत्या शहराला तो नको झाला, म्हणून नानासाहेबांनी पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून त्याला पश्चिमेकडे वळवलं. जुन्या वाटेवर तळं झालं, तळ्यात पुढे गणपती बसला आणि तळं आटवल्यावर सारसबाग झाली. दिवाळी पाडव्याच्या पहाटे आपण नटूनथटून ज्या हिरवळीवर बसतो, ती एका ओढ्यानं मोकळी करून दिलेली जागा आहे. वळवलेला ओढा दांडेकर पुलाखालून जाऊन मुठेला मिळतो. म्हणजे ओढा अडचणीचा वाटला की सरकवायचा, हा पुण्याचा रिवाज सुमारे पावणेतीनशे वर्षांचा आहे. पेशव्यांनी सरकवला तेव्हा दांडेकर पुलाशी दाट वस्ती नव्हती, एवढाच फरक.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. पाऊस संध्याकाळी लागला तो नेहमीचा नव्हता. थेंब नव्हतेच, नुसत्या धारा. दक्षिणेकडच्या टेकड्यांवरून, कात्रज-बालाजीनगरकडून सगळं पाणी एकाच वेळी ओढ्यात उतरलं. टेकड्या आता पूर्वीच्या राहिलेल्या नाहीत. त्यांचे लचके तोडून तिथे सोसायट्या, गोदामं, रस्ते झालेत, आणि डांबर-काँक्रीटवर पडलेलं पाणी मुरत नाही, पळतं. पळणाऱ्या पाण्याला ओढ्याचं पात्र हवं, तर पात्रात ठिकठिकाणी राडारोडा, मोऱ्यांच्या तोंडाशी फांद्या आणि कचऱ्याचे बोळे, दोन्ही बाजूंनी आत आत सरकलेल्या भिंती. अरण्येश्वरजवळ टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळली आणि माणसं गेली. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसं त्या एका रात्रीत गेली.

आम्ही पहिल्या मजल्यावर, म्हणून बघे. खाली पार्किंगमध्ये गाड्या एकमेकींवर आपटत होत्या आणि त्यांचे हॉर्न आपोआप वाजत होते, पाण्याखालून. तो आवाज अजून कानात आहे. सकाळी तळमजल्यावरचे जोशीकाका ओल्या गादीवर बसून म्हणाले, "पानशेत परत आलं." मला आजीची आठवण झाली. तिला नदीपासून लांब आणलं, आणि पाणी मागच्या दारानं आलं.

महिनाभरानं सोसायटीची तातडीची सभा झाली. विषय एकच, मागची भिंत. ठराव एकमतानं मंजूर: चार फूट उंच, आरसीसी, वर्गणी प्रति सदनिका अमुक इतकी. एकमतात माझंही मत होतं. हात वर केल्याचं मला स्वच्छ आठवतं, कारण त्या सभेत चहाबरोबर बाकरवडी होती आणि माझ्या दुसऱ्या हातात बशी होती.

त्या पुरानंतर आम्हाला ओढ्याचं प्रेमही आलं. घाबरलेल्या माणसाला येतं तसं. दर रविवारी सकाळी सात ते नऊ. हातमोजे, गमबूट, पोती. पुण्यात अशा कामाला वाट दाखवणारे लोक आधीपासून होते. जीवितनदीसारखा गट विठ्ठलवाडीला मुठेच्या काठावर कधीपासून राबतोय. नदीचा एकेक तुकडा माणसांनी दत्तक घ्यावा, तिथे नुसतं झाडूनपुसून न थांबता कोणतं झाड मूळचं आणि कोणतं घुसलेलं ते ओळखावं, मुलांना काठावर आणावं, आपल्या घरातली फेसाळ रसायनंही कमी करावीत, ही त्यांची रीत. तिकडे भूगाव-बावधन-पाषाणकडे रामनदीसाठी असंच काम चालतं. मी दोन्हीकडे चार-सहा वेळा जाऊन आले. वाळुंज हे नदीकाठचं झाड पुस्तकात वाचलं होतं, पण हात लावून ओळखलं ते या लोकांमुळे. शेकाट्या दिसला की आनंदायचं नसतं, तो घाण पाण्यातही सुखानं राहतो, हेही तिथेच कळलं. तोवर मी उत्साहानं त्याचे फोटो पाठवत होते.

तर अशाच एका रविवारी आम्ही ओढ्यानं खाली खाली जात दांडेकर पुलाशी पोचलो. पंधरा-वीस जण, सगळे एकाच रंगाच्या टी-शर्टात. ओढ्याला लागून पत्र्याची, विटांची, एकावर एक चढलेली घरं. पोरं गोळा झाली. आम्ही थर्माकोल, गाद्या, निर्माल्याच्या पिशव्या ओढून काढत होतो. एका दारात साठीच्या आसपासच्या एक बाई भांडी विसळत होत्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "ताई, कचरा तुमच्याकडचाच हाय वो ह्यो. एवढ्या फ्रिजच्या पेट्या आमी कवा घेतल्या?"

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. भांडी घरात ठेवून परत आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडं मागं भिंत उंच केली म्हनं. मग आता पानी आमच्याकडं लवकर येनार का उशिरा?"

मी इंजिनियर नाही. पण आमच्या गटात एक निवृत्त अभियंते होते, पाटबंधारे खात्यात हयात घालवलेले. त्यांनी उत्तर देण्याआधी गमबुटातला चिखल झाडला, मग खाली बघतच म्हणाले, "लवकर. आणि थोडं जास्त."

पाण्याला दोन्ही बाजूंनी आवळलं की ते उंच होतं आणि वेगानं निघतं. वर जिथे ते आधी पसरायचं, दमायचं, मुरायचं, तिथे आता त्याला पसरायला जागा नसते. ते सगळं खालच्याच्या वाट्याला जातं. खाली कोण आहे, हे आमच्या सभेत कुणी विचारलं नव्हतं. बाकरवडी संपली का, हे विचारलं होतं.

त्या मावशींच्या घराच्या भिंतीवर, कमरेच्या वर, एक तपकिरी रेघ होती. रंग तिच्या वरच्या भागाला दिलेला, रेघेखाली नाही. मी विचारलं. "पुसायची न्हाय म्हनलं. पंचनाम्याला येत्यात तवा दावाय लागती. न्हायतर म्हंत्यात कुटं आलं पानी?" रेघ २०१९ ची. तिच्या खाली दुसरी, पुसट. ती आदल्या वर्षाची. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठेचा उजवा कालवा जनता वसाहतीजवळ फुटला आणि भर दिवसा, पाऊस नसताना, पिण्याचं आणि शेतीचं पाणी वस्तीतल्या शेकडो घरांत शिरलं. मंत्र्यांनी खापर उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर फोडलं होतं. त्या घुशींवर पुण्यात महिनाभर विनोद चालले, मीही पुढे पाठवले. ज्यांची पिपं-पातेली त्या पाण्यात गेली, त्यांनी ते विनोद वाचले असतील का, हा विचार मला दोन वर्षांनी, त्या रेघेसमोर उभी असताना आला.

मावशींचं माहेर पुरंदर तालुक्यातलं, सासवडच्या पलीकडचं. ७२ च्या दुष्काळात दहा-बारा वर्षांच्या असतील. आईबरोबर दुष्काळी कामावर जायच्या. आई खडी फोडायची, ही पाटी वाहायची. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी. मग एके दिवशी सगळं घर दिवेघाट उतरून पुण्याला आलं आणि ज्या जागेला कुणी मालक दिसत नव्हता तिथे, ओढ्याच्या काठावर, टेकलं. पाण्यावाचून गाव सोडलं आणि पाण्याच्या तोंडाशी घर केलं.

हे ऐकताना मला त्याच तालुक्यातल्या नायगावची आठवण येत राहिली. त्याच दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या पुण्याच्या कारखानदार अभियंत्यानं तिथल्या उजाड माळावर पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचं, जिरवायचं, हे पुढे सगळ्या महाराष्ट्रात पोचलं. 'माथा ते पायथा' हा शब्दप्रयोग सरकारी फलकांवरही आला. पण साळुंख्यांच्या कामातली कळीची गोष्ट चर-बांधांची नव्हतीच. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यायचं, घरात माणसं किती त्यावर वाटा ठरवायचा, आणि ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही अशा भूमिहीनालाही पाण्यात हक्क द्यायचा, ही ती गोष्ट. बांध सगळ्यांनी उचलले. वाटणी फार थोड्यांनी उचलली. मला तर वाटतं, आपल्याकडे पाण्याची कामं करायला माणसं नेहमी मिळतात. वाट्याचा विषय निघाला की सभा संपते.

आणि हा विषय पुण्याला नवा नाही. कात्रजच्या नळानं पेठांत पाणी आलं, हौद भरले. त्या काळच्या हौदांवर कुणी घागर बुडवायची आणि कुणी लांब उभं राहायचं, हे जातीनं ठरलेलं होतं. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो याच शहरात. पाण्याची सोय आणि पाण्याचा न्याय या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना दिसलं होतं. आता हौद राहिले नाहीत. पण ज्याला पाणी सगळ्यात शेवटी पोचतं त्याच्याकडेच पूर सगळ्यात आधी पोचतो, एवढी ओळख या शहरानं जपलीय. मावशींच्या गल्लीत नळाला पाणी पहाटे येतं, तासभर, आणि ते भरायला बाया ओढ्याच्या बाजूनं पिंपं मांडतात.

२४ जून २०२१. करोनाची दुसरी लाट ओसरत होती, पावसाळा सुरू झालेला. पोलीस बंदोबस्तात आंबिल ओढ्याच्या वस्तीत यंत्रं आली आणि घरं पाडायला सुरुवात झाली. ओढ्याचं पात्र सरळ आणि रुंद करायचं आहे, म्हणजे २०१९ पुन्हा होणार नाही, असं महापालिकेचं म्हणणं. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नावाखाली बिल्डरसाठी जागा मोकळी करताय, असं रहिवाशांचं. बायका यंत्रांपुढे बसल्या. त्याच दिवशी न्यायालयानं स्थगिती दिली, तोवर बरीच घरं भुईसपाट झाली होती.

पूर येऊ नये म्हणून ओढा रुंद करायचा, यात चूक काय, असं मला त्या दिवशी टीव्हीसमोर वाटलं होतं. ते खोटं लिहीत नाही. ओढ्याला जागा हवीच आहे. प्रश्न हा की ती कुणाच्या बाजूनं घ्यायची. वस्तीतल्या घराला कागदावर अतिक्रमण म्हणतात, आमच्या भिंतीला सीमाभिंत. दोन्ही ओढ्याच्याच अंगावर उभी आहेत. यंत्र एकीकडेच येतं.

मधल्या काळात नदी मोठी झाली, म्हणजे बातम्यांत. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचं सुशोभीकरण, ४,७२७ कोटींचा प्रकल्प. काठावर भराव, बांधीव भिंती, चालायला पथ, बसायला पायऱ्या. पर्यावरणवाल्यांनी निळी रेषा, लाल रेषा काढून दाखवल्या. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर निळीपर्यंत, शंभरातून एकदा येणारा लालपर्यंत. पात्र अरुंद केलं तर पाणी जाईल कुठे, असं त्यांचं विचारणं. हा तोच प्रश्न, जो मावशींनी भांडी विसळता विसळता विचारला होता. त्यांच्याकडे फक्त आराखडा नव्हता. २०२३ च्या एप्रिलअखेर झाडांसाठी चिपको मोर्चा निघाला. मी गेले. उन्हात हजारो माणसं, मुलं, आजोबा, कापडी फलक. एवढं पुणं झाडांसाठी रस्त्यावर आलेलं मी पाहिलं नव्हतं. ऊर भरून आला, फोटो काढले, मावशींनाही दाखवले.

त्यांनी फोन हातात धरून एकेक फोटो नीट पाहिला. मग परत दिला.

"लई मानसं आली म्हनायची झाडांसाठी. बरं केलं. आमच्या येळंला कुटं व्हती?"

मी कुठे होते ते मला ठाऊक होतं. सोफ्यावर.

त्यानंतर आमचा रविवार बदलला. एकदम नाही आणि सगळ्यांचा नाही. तीन-चार जणांना हे 'राजकारण' वाटलं. आम्ही स्वच्छतेसाठी आलो होतो, असं म्हणून ते सुटले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. स्वच्छतेत एक सुख आहे. पोतं भरतं, फोटो निघतो, अंघोळ करून माणूस नाश्त्याला बसतो. उरलेल्यांनी वह्या घेतल्या. कात्रजच्या तळ्यापासून मुठेपर्यंत आख्खा ओढा चार रविवारांत चालायचा असं ठरलं, लागले नऊ. सोबत वस्तीतली मुलं होती. त्यांना ओढा आमच्यापेक्षा दहा पटींनी माहीत. कुठल्या मोरीत फांद्या अडकतात, कुठली ड्रेनेजलाइन गुपचूप ओढ्यात सोडलीय, रात्री राडारोड्याचे डंपर कोणत्या वळणावर रिकामे होतात, सगळं. एका मुलानं सोळा जागी पुराची खूण दाखवली. कुठे विजेच्या डीपीवर, कुठे देवळाच्या कळसाखाली, कुठे एका बंगल्याच्या संगमरवरी नावाच्या पाटीवर. ती पाटी कुणी पुसली नव्हती, बहुधा वर चढूनच बघितलं नव्हतं. आम्ही लालभडक ऑइलपेंटनं सगळ्या खुणा पक्क्या केल्या. बंगलेवाल्यांनी आक्षेप घेतला. त्यांना म्हटलं, रंग आमचा, उंची ओढ्यानं ठरवलीय.

पावसाळ्याआधी आम्ही परवानगी काढून कात्रजकडच्या उतारावर सलग समतल चर खणायला गेलो. हौशी माणसांचं खणणं कसं असतं, तर पंधरा मिनिटं खणायचं आणि अर्धा तास पाणी प्यायचं. मावशी वस्तीतल्या पाच-सहा बायकांना घेऊन आल्या होत्या. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत आमचे अभियंते बाजूला केले. उताराला आडवं कसं जायचं, माती खालच्या अंगाला कशी लावायची, टिकाव किती खोल घालायचा, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. पळत्या पाण्याला चालायला लावायचं, चालत्याला थांबायला, हे पाणलोटवाल्यांचं जुनं म्हणणं कुणीतरी भाषणाच्या सुरात सांगायला लागलं. मावशी म्हणाल्या, "आदी पाटी धरा."

त्या दुपारी चरांवर बसून भाकरी खाताना समोर सगळं पुणं दिसत होतं. पर्वती, तिच्या अंगावरची जनता वसाहत, आमचं सहकारनगर, आणि मधून कुठे झाडीत तर कुठे काँक्रीटमध्ये हरवत गेलेला ओढा. वरून सगळं एकाच उतारावर दिसतं. पाणलोट म्हणजे काय ते मला पुस्तकातल्या आकृतीपेक्षा त्या दुपारी जास्त कळलं. एका उतारावर राहणाऱ्या माणसांचं ते एक गाव असतं, त्याला फक्त ग्रामपंचायत नसते. हे गाव दांडेकर पुलाशीही संपत नाही. मुठा मुळेला मिळते, पुढे भीमा, मग उजनी. पुण्यानं नीट न धुता पुढे ढकललेलं पाणी उजनीत साठतं. त्या काठावरचे मासेमार, धरणात जमिनी दिलेले शेतकरी आणि सोलापूरची घरं ते वापरतात. तेच खाली पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वाहतं. विठ्ठलवाडीला आषाढीत देवळासमोर रांग लागते, आणि देवळामागून मुठा शहराचं सगळं काही घेऊन त्याच विठ्ठलाकडे निघालेली असते.

भिंतीचं काय झालं, असं कुणी विचारेल. मी सोसायटीच्या सभेत विषय मांडला. भिंत आत घेऊन ओढ्याला सहा फूट परत द्यावेत. सभेत एवढी शांतता मी यापूर्वी फक्त देखभाल शुल्क वाढवताना ऐकली होती. ठराव पडला, माझ्याखेरीज दोनच हात वर. मग वाटाघाटी सुरू झाल्या. आठ महिने, पाच सभा, एक लेखी तक्रार आणि एका सभासदाचं माझ्याशी कायमचं न बोलणं, एवढ्या किमतीत मागच्या पार्किंगचे निम्मे पेव्हर ब्लॉक उखडून तिथे माती आणि करंजाची चार झाडं आली, आणि गच्चीचं पाणी ओढ्यात न सोडता बोअरला वळवलं गेलं. हे हास्यास्पद वाटेल इतकं थोडं आहे. पण शेजारच्या दोन सोसायट्यांनी येऊन ते पाहिलं, आणि त्यांपैकी एकीनं ब्लॉक सगळेच काढले. आमच्यापेक्षा पुढे गेल्याचा आनंद त्यांना लपवता आला नाही. पुण्यात काम पुढे जातं ते असंही.

वस्तीचा प्रश्न याहून अवघड. पाडलेली घरं आम्ही उभी करू शकलो नाही. आम्ही फक्त, मावशी म्हणतात तसं, "संगट बसतो." कार्यालयात गेलं की कागद वाचून दाखवायला कुणीतरी असतं. नऊ रविवारांची वही तिथे टेबलावर ठेवता येते. पुनर्वसन त्याच प्रभागात, कामाच्या जवळ आणि पूररेषेबाहेर व्हावं, एवढं सरळ मागणं मराठीत नीट लिहायला आम्हाला तीन बैठका लागल्या. कारण 'नदीचं पुनरुज्जीवन' हे सगळ्यांना लिहिता येत होतं, 'आमचं घर' हे कुठे लिहायचं ते ठरत नव्हतं. शेवटी ते पहिल्या ओळीत लिहिलं.

२०२४ च्या २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत माणसं पाण्यात जागी झाली. त्याच दिवशी डेक्कनजवळ पुलाची वाडी इथे अंडाभुर्जीची हातगाडी पाण्यातून हलवताना विजेचा धक्का बसून तिघं गेले. पूर आला की गाडी हलवायला जो उतरतो, त्याची गाडी म्हणजेच घर असतं. आम्ही कुणी त्यांना ओळखत नव्हतो. पण त्या रात्री वस्तीत सगळे जागे होते, आणि कात्रजचं पाणी सुटलं तर आपल्याला सांगणार कोण, हे बोलणं तिथे निघालं. सरकारी इशारा येईल तेव्हा येईल. मग कात्रजच्या तळ्याशी राहणारा एक रिक्षावाला, बालाजीनगरचा दूधवाला, अरण्येश्वरचा पुजारी, आमच्या इमारतीतून मी आणि वस्तीतून मावशींची सून, असा फोनवर एक गट झाला. त्यात सुप्रभात पाठवायचं नाही, हा एकच नियम. पुजाऱ्यानं तो दोनदा मोडला.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा. पाऊस दुपारपासून होता, पण दहानंतर त्याचा आवाज बदलला. मी जागीच होते. रिक्षावाल्याचा निरोप आला, "खालचं तळं भरलं. सांडव्यावरून चाललंय." पाठोपाठ बालाजीनगर, "मोरी अजून मोकळी." मावशींच्या सुनेचा आवाज, मागे पोरांचा गलका, "सिलिंडर वर घेतला, पोरांना शाळेत नेतोय. तुमच्याकडं किती?"

मी बॅटरी घेऊन खाली उतरले. मागच्या मातीत पाय रुतला. करंजांच्या बुंध्याशी पाणी साचून हळूहळू आत जात होतं. भिंतीपलीकडे ओढ्याचा गुरगुरता आवाज होता, जवळचा. भिंतीला आम्ही पाडलेलं भगदाड नाही, पण एक झरोका आहे, मोजण्यापुरता. त्यातून बॅटरी मारली. पाणी तिसऱ्या लाल खुणेला लागलं होतं आणि वर चढत होतं.

फोटो काढला. पाठवला. खाली लिहिलं, तिसरी, अकरा अठ्ठेचाळीस.

मग तिथेच, छत्री धरून, उभी राहिले. वर जाऊन झोपावं असं वाटलं नाही. आमच्या भिंतीपासून त्यांच्या दारापर्यंत पाण्याला किती वेळ लागतो, ते आता आम्हाला माहीत झालंय.

बारा सव्वीसला फोन थरथरला. "आलं."